तळ्यातली बेल

मार्गशीर्ष लागला की माझं डोकं फिरतं. तसा महिना गुणाचा आहे. तुरीला पिवळी फुलं आलेली असतात, कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं शेतातून सकाळभर ऐकू येतं, उन्हात पाठ करून बसावंसं वाटतं. आणि नेमक्या याच सुखाच्या दिवसांत शहरातल्या शहाण्या लोकांना जंगल आठवतं. वर्षाचे अकरा महिने ते कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नसतं. चिखल, डास, श्रावणातलं गढूळ पाणी, चैत्रातला वणवा हे सगळं जंगलाने एकट्याने काढायचं. मग पाणी निवळलं, वाटा सुकल्या, की हे येणार, छाती भरून श्वास घेणार आणि 'वा!' म्हणणार. त्या 'वा!'चा मला मनापासून तिटकारा आहे.

यंदाही कागद आला आहे. भाद्रपदात राज्य बदललं, शाळेच्या फळ्यावरची भाषा बदलली, साहेबही बदलले. नवे साहेब आपले आहेत असं सगळे सांगतात. या आपल्या साहेबांनी शाळेला कळवलं आहे की, डोंगरातल्या तळ्यांवर चार दिवसांचा 'वनविहार' योजला असून स्वागताला मुलांचं लेझीम असावं. पूर्वी याच प्रकाराला 'हवाखोरी' म्हणत. शब्द सुधारला एवढं मान्य केलं पाहिजे. तंबू मात्र तेच आहेत. काल गाड्या वर गेल्या तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिलं, कापडावरच्या जुन्या शिक्क्यावर नुसता काळा रंग फासला आहे आणि तोही घाईत.

मी मुलांना लेझीम शिकवतो आहे. पोटासाठी माणूस काय काय शिकवतो! पण लेझीम खुळखुळायला लागलं की मला दहा-अकरा वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवतो, आणि मग वर्गात उगाच एखाद्याच्या पाठीत धपाटा बसतो.

आमचं गाव गोरेगावपासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी. वरचं जंगल राखीव. राखीव म्हणजे काय, हे पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीने मला समजावून दिलं होतं. "आमच्यापासून राखलंय, गुरुजी. दुसऱ्या कुणापासून न्हाई." खाली पडलेली वाळकी काटकी उचलली तरी जंगलाचा शिपाई मोळी उतरवून घ्यायचा. त्या जंगलात एकाखाली एक अशी तीन तळी होती. वरचं भरलं की मधल्यात सांडायचं, मधलं भरलं की खालच्यात. मधलं सगळ्यांत मोठं. त्याला भोयाचं तळं म्हणत. काठावर उघड्यावरच महादेवाची पिंड होती आणि तिच्यावर सावली धरणारे बेलाचे दोन जुने वृक्ष होते.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा. हिंगोलीला शिकलेलो, उर्दू लिहिता-वाचता येणारा गावातला एकुलता एक माणूस. ही गोष्ट मी गावाला क्षणभरही विसरू देत नसे. चावडीवर कागद आला की पाटील शाळेत माणूस पाठवायचे, आणि मी मुद्दाम उशीर करून जायचो. कागद हातात घेतला की आधी सगळा मनात वाचायचो, भुवया उंचवायचो, मग घसा साफ करायचो. समोरची दहा-वीस माणसं तोवर जीव मुठीत धरून बसलेली असत. मला ते फार आवडायचं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या तळ्यात शिंगाडा होता. शिंगाड्याचं पीक ज्याने पाहिलेलं नाही त्याला ते पीक वाटतच नाही. पाण्यावर हिरव्या पानांची चकत्या-चकत्यांसारखी दाटी, इतकी की पाणी दिसू नये. पानाखाली हात घातला तर फळ लागतं, दोन शिंगांचं आणि टोचणारं. लांब पायांचे पक्षी त्या पानांवरून असे चालत जायचे की खाली बुडवणारं पाणी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसावं. कार्तिकात सकाळी मी तिकडे फिरायला जायचो. धुकं उठलेलं असायचं, पाण्याला कच्चा, किंचित गोडसर वास असायचा, आणि त्या हिरव्या पसाऱ्याच्या मधोमध गिरजाबाई बसलेली दिसायची.

गिरजाबाई भोयाची. तिचा नवरा दमेकरी, गार पाण्यात उतरला की आठ दिवस अंथरुणाला खिळायचा, म्हणून तळं तिच्याच अंगावर पडलेलं. बांबूला दोन मोठी मडकी उपडी बांधायची, त्यावर बसायचं आणि हाताने पाणी मारत वेलांमधून सरकत राहायचं. एक चकती उचलायची, उलटी करायची, पिकलेला शिंगाडा तोडायचा, कोवळा तसाच ठेवायचा, आणि चकती पुन्हा पाण्यावर अलगद ठेवायची. बाळाला कुशीवर वळवावं तशी. असं दसऱ्यापासून पौषापर्यंत चालायचं. सगळा माल गोरेगावच्या बाजारात जायचा.

एकदा तिनेच मला सांगितलं होतं, "गुरुजी, ह्याचं बी वाळवून कणगीत ठेवता येत न्हाई. सुकलं की मेलं. शेवटच्या तोडणीचा काळा पडलेला शिंगाडा मडक्यात पाणी घालून ठिवावा लागतो. माघात त्याला मोड येतो."

"आणि नाही ठेवला तर?"

"मग पुढच्या साली तळ्यात निस्तं पाणी." ती हसली होती. "माझ्या सासऱ्यानं वऱ्हाडातून आणलंय हे बी. खांद्यावर मडकं घेऊन, चालत. हिकडं आसपास कुणाकडं न्हाई."

मी हे ऐकलं आणि विसरलो. भोयाच्या बाईचं बी मी कशाला लक्षात ठेवू? माझ्या डोक्यात त्या वेळी फार मोठमोठ्या गोष्टी होत्या, त्यांतली एकही आज आठवत नाही.

तो कागद आला तेव्हा मार्गशीर्ष नुकताच लागला होता. शहरातले एक बडे साहेब सहकुटुंब तळ्यांवर येणार होते. ते कुठल्या खात्याचे, कुठल्या जातीधर्माचे, हे मी सांगणार नाही. सांगितलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं, 'ते तसलेच' म्हणून मोकळं होता येतं. तसल्या माणसांचा तंबू सगळ्या जातीधर्मांना पुरेल एवढा मोठा असतो. कागद उर्दूत होता. मी नेहमीप्रमाणे भुवया वगैरे उंचवल्या आणि चावडीवर त्याचा मराठीत अर्थ सांगितला. बारा दिवसांनी साहेब हवाखोरीसाठी येतील. रस्ता दुरुस्त करावा. दूध, कोंबड्या, सरपण यांची तजवीज ठेवावी.

"हवाखोरी म्हंजी?" पाटलांनी विचारलं.

"हवा खायला येणार."

"काहून? त्यांच्या गावात हवा न्हाई का?"

चावडी हसली. मीही हसलो, पण जरा वरून, शिकलेल्या माणसाने हसावं तसा. आणि त्याच हसण्याच्या भरात शेवटची ओळ वाचली. 'तालाब की बेल साफ कर दी जाए.' बाकी सगळे शब्द मी मराठीत करून सांगितले होते; हा शब्द मात्र मराठीच दिसला म्हणून तसाच ठेवला. म्हटलं, "आणि तळ्याचा बेल साफ करावा."

एकाने बसल्या जागीच तळ्याच्या दिशेला हात जोडले.

आता हे मी कुणाला सांगू? उर्दूत बेल म्हणजे वेल. जमिनीवर पसरते ती, मांडवावर चढते ती. शाळेत मी हा शब्द दहा वेळा वाचला होता. शिवाय कागदात 'साफ कर दी जाए' असं होतं, चक्क स्त्रीलिंगी. मराठीतला बेल पुल्लिंगी. रोज सकाळी पोरांकडून 'तो, ती, ते' घोकून घेणाऱ्या माणसाला एवढं कळायला काय हरकत होती? पण कळलं नाही. मी ती बेल सरळ तो बेल करून टाकली आणि कागदाची घडी घालून पाटलांच्या हातात दिली.

"महादेवाचा बेल तोडायचा?" पाटलांचा आवाजच उतरला. "गुरुजी, बराबर वाचलं ना तुमी?"

'बराबर वाचलं ना' हे मला झोंबलं. "पाटील, मला वाचता येतं," मी म्हणालो.

पुढचे दोन दिवस गावात सुतक असल्यासारखं होतं. बेल तोडावा तर देव कोपेल, न तोडावा तर साहेब. शेवटी गुरवाने तोड काढली. झाडं तोडायची नाहीत, फक्त फांद्या उतरवायच्या, आणि त्यांचं पान न् पान पिंडीवर वाहायचं, म्हणजे ती तोड न राहता पूजा होईल. आमच्या लोकांची ही अक्कल मला तेव्हा हास्यास्पद वाटली होती. आज वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात एवढं एकच डोकं धड चाललं. सगळा गाव वर गेला. माणसं झाडावर चढताना हात जोडत होती. बायका टोपल्या भरभरून पानं पिंडीवर ओतत होत्या, पिंड दिसेनाशी झाली. गिरजाबाई सगळ्यांच्या पुढे होती. स्वतःची तोडणी टाकून दिवसभर तिने पानं वाहिली. मला म्हणाली, "देवाचं झाड आहे, गुरुजी. आपल्या हातानं झालेलं बरं."

ते बारा दिवस मी नंतर फार वेळा जगलो आहे. त्या बारा दिवसांत तिने दोन जादा तोडण्या उरकल्या असत्या. एका कोपऱ्यातले शिंगाडे तिने मुद्दाम बियाण्यासाठी राखून ठेवले होते, ते इतक्यात काळे पडणारे नव्हते. पण निदान तिथले मडकंभर वेल उपटून तिने खालच्या तळ्यात रोवले असते. तिला वेळ होता. फक्त कशासाठी वेळ आहे हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ते ज्याला ठाऊक असायला हवं होतं तो चावडीवर भुवया उंचावत होता.

साहेब आले. एकांतात, निसर्गाच्या सान्निध्यात चार दिवस काढायला आले, म्हणून बरोबर अवघ्या वीस-बावीस गाड्या होत्या. त्यांत पलंग होते, गालिचे होते, आरसा होता, ग्रामोफोन होता, पाय पुसायची तरटं होती. पोपट होता! डोंगरावर संध्याकाळी पोपटांचे थवे झाडं हिरवी करून टाकायचे, तिथे हे पिंजऱ्यातला पोपट घेऊन आले. आणि सगळ्यांत शेवटी, आठ बैल जुंपलेल्या गाडीवर, दोरांनी बांधलेली एक लांबोडकी लाकडी वस्तू चढण चढत होती. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून तिचा विचार करत होतं.

"जनावराची गव्हाण आसंल," एकजण म्हणाला.

"गव्हाणीला टोक कशाला?" पाटील म्हणाले.

ती होडी होती. साहेबांचे मेहुणे तिचे मालक. डोंगरावर होडी चढताना मी आयुष्यात एकदाच पाहिली. मेहुण्यांनी अंगात पांढरे कपडे घातले होते आणि डोक्याला समुद्रावरच्या खलाशासारखी टोपी होती. समुद्र आमच्यापासून किती लांब आहे हे भूगोल शिकवणारा मीसुद्धा पटकन सांगू शकलो नसतो.

संध्याकाळी तंबूंपुढे जाळ केला. धावड्याचे अख्खे ओंडके, जंगलातलेच. खाली गावात लोक वळचणीला बसून तो जाळ बघत होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या घरात दोन काटक्यांवर भाकर भाजली जात होती. साहेब म्हणे जाळाकडे बघून भारावून गेले. असं खानसाम्याने नंतर सांगितलं. आमच्याकडे आग बघून माणसाचं भान हरपतं ते फक्त ती गवताच्या गंजीला लागली तरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. साहेब काठावर खुर्ची टाकून बसले होते. पाठीमागे पाटील हात जोडून उभे. एका बाजूला फांद्या उतरवलेले ते दोन बेल, नुसते खुंट. समोर तळं, काठापासून काठापर्यंत हिरवंगार. होडी पाण्यात ढकललेली आणि दहा हातांवर वेलांत अडकून पडलेली. मेहुणे तिच्यात उभे राहून वल्ह्याने पानं बडवत होते.

"हे काय आहे?" साहेबांनी उर्दूत विचारलं. "मी बेल साफ करायला लिहिलं होतं."

त्यांनी बोट पाण्याकडे केलं होतं.

 एका क्षणात ती ओळ, ते स्त्रीलिंग, ती चावडी, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्या वेळी मी दोन वाक्यं बोलायला हवी होती. 'हुजूर, चूक माझी आहे. आणि हे गवत नाही, एका बाईचं पीक आहे.' दोन्ही मला उर्दूत उत्तम येत होती. त्याऐवजी गावालाच अडाणी ठरवून मी म्हणालो, "हुजूर, गांव के लोग जाहिल हैं. समझे नहीं."

साहेब हसले. त्या हसण्यात मला सामील करून घेतलेलं होतं, आणि मला चक्क बरं वाटलं. पाटलांना उर्दू येत नव्हती. ते माझ्याकडे आशेने बघत होते.

संध्याकाळपर्यंत तळं मोकळं करा, असा हुकूम झाला. पाटलांनी माणसं बोलावली, बांबूंना विळे बांधले. तेवढ्यात गिरजाबाई आली. धावत आली असावी, तिचा श्वास लागला होता. ती साहेबांपासून लांबच थांबली. पाटील उभे असताना बाईने साहेबाशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ती मला म्हणाली, "गुरुजी, साहेबाला म्हणा, दोन दिस द्या. सगळं न्हाई मागत. त्या कोपऱ्यातलं बियाण्यापुरतं काढून घेते. मग माझ्या हातानं उपटते."

"काय म्हणते ही?" साहेबांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर पीक आहे हे निघालं असतं. पीक आहे हे निघालं की आधी का सांगितलं नाही हे निघालं असतं. आणि मग तो कागद. मी म्हणालो, "हुजूर, औरत कहती है, दो दिन में साफ कर देगी."

"दो दिन? आज शाम तक."

मी तिच्याकडे वळून म्हणालो, "साहेब नाही म्हणतात."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं, विनवते आहे. मग तिने पदर खोचला आणि विळे घेतलेल्या माणसांना म्हणाली, "कुणी उतरू नका. काटे रुततील तुमच्या पायात. माझं मी काढते."

दिवसभर ती आणि तिच्या घरच्या दोघी छातीभर पाण्यात उभ्या होत्या. मुळासकट वेल ओढायचा, खांद्यावरून काठावर फेकायचा. गार वारं होतं. काठावर ओल्या हिरव्या गंजी लागत गेल्या. चिखलाचा वास इतका उग्र की तंबूतून उदबत्त्या लावल्याचा निरोप आला. ते लांब पायांचे पक्षी ओरडत वर घिरट्या घालत होते. उतरायला पानच उरलं नव्हतं. त्या कोपऱ्यातले शिंगाडे तिने शेवटी काढले. एक फोडून पाहिला, दुसरा फोडून पाहिला. आत दूध होतं, गर धरलाच नव्हता. ती तशीच पाण्यात उभी राहिली. मी काठावर देखरेखीला होतो, माझ्या अंगावर शाल होती.

मग होडी चालली. आता हे नीट ऐका, कारण हे सगळं कशासाठी झालं ते कळलं पाहिजे. मेहुण्यांनी तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला साहेब बसले, दुसरीला बाईसाहेब बसल्या आणि तिसरीला पोपट बसला. ग्रामोफोन लावला होता, त्यामुळे वरच्या तळ्यावरची बदकंसुद्धा उडून गेली. मग साहेबांनी तक्रार केली की, इथे शिकारीला बदकं नाहीत. तिसऱ्या दिवशी मेहुण्यांना पडसं झालं आणि चौथ्या दिवसाचा मुक्काम रद्द करून सगळे परत फिरले. होडी नेली नाही, बैलांना त्रास नको म्हणून. या लोकांना अशा वेळी दया येते. पुढे ती उन्हाने तडकली आणि एका पावसाळ्यात खरोखरच गव्हाण झाली.

जाण्याआधीची दुपार मात्र राहिली. खानसाम्याने काठावरच्या गंजीतून शिंगाडे वेचून उकडले होते. कोवळे, पाणचट, पण मीठ-मिरी लावून ताटलीत दिले तेव्हा बाईसाहेबांना फार आवडले. हे कोण पिकवतं, त्या बाईला बोलवा, इनाम द्यायचं आहे, असा निरोप आला. गिरजाबाई आली. हात काट्यांनी सोलवटलेले होते, ते तिने पदराखाली घेतले होते. मी मध्ये उभा राहिलो, माझी जागाच ती होती.

"ये कहां मिलते हैं?" बाईसाहेबांनी विचारलं.

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच गिरजाबाई बोलली. "इसीच तालाब में, बाईसाब. परसों तक मिलते थे."

आवाज शांत होता. बोलणं दखनी, बाजारातलं, पण अस्खलित. वीस वर्षं ती गोरेगावच्या बाजारात बागवानांच्या शेजारी टोपली मांडून बसत होती, त्यांच्याशी भाव करत होती, त्यांच्या बायकांशी सुखदुःखाचं बोलत होती. ती भाषा तिला येणार नाही असं मला कुणी सांगितलं होतं? मीच ठरवलं होतं.

"खूब!" बाईसाहेब म्हणाल्या आणि आणखी एक ताटली मागवली. 'परसों तक' त्यांच्या कानावरून गेलं. इनामाची जुनी साडी गिरजाबाईने घेतली, नमस्कार केला आणि वाटेला लागली. जाताना ती साडी तिने खुंट झालेल्या बेलाला गुंडाळली.

मला तिच्यामागून जायचं नव्हतं. पण गावाकडे वाट एकच. उतारावर ती थांबली, मी जवळ येईपर्यंत थांबून राहिली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"गुरुजी, दोन दिसाचं माझं बोलणं तुमी साहेबाला उलटं सांगितलं, ते ऐकलं मी," ती म्हणाली. "गावाला जाहिल म्हणालात, त्ये बी सगळीकडं झालंय. खानसामा सांगून राहिला. राहू द्या. मला एक सांगा. त्या कागदात कोणता शबुद होता?"

"बेल," मी म्हणालो.

"बेल." ती तो शब्द तोंडात घोळवत राहिली. "बाजारात म्हणतात की. कद्दू की बेल, ककडी की बेल. म्या चावडीवर असते तर तिथंच कळलं असतं. पण चावडीवर आमाला कोण बोलावतं?"



त्यानंतरच्या पावसाळ्यात तिने तळ्यात नुसतं पाणी पाहिलं. वऱ्हाडात माणूस पाठवून पाहिला, सासऱ्याच्या ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. दिवाळीला ती नवऱ्याला घेऊन पुसेगावला भावाकडे गेली आणि लोकांच्या शेतात मजुरीला लागली. तळ्याचं नाव अजून भोयाचं तळं आहे. नवे साहेब जागा पाहायला येऊन गेले तेव्हा म्हणाले, किती नितळ पाणी आहे हो! वा!

हे सगळं पुढचं. त्या दुपारी उतारावर तिला हे माहीत नव्हतं. मला अंदाज होता. तिचा राग दिसत नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, एखादा आजार कशाने झाला हे विचारावं तसं.

"म्हंजी गुरुजी," ती म्हणाली, "तुमाला त्या शबदाचा अर्थ ठावं नव्हता? का ठावं असून सांगावं वाटलं न्हाई?"

तिने मला सुटायला वाट दिली होती. 'नव्हता ठाऊक, बाई, चुकलो,' एवढंच म्हणायचं होतं. ती नक्की म्हणाली असती, चुकतं माणूस. कदाचित गावातसुद्धा तिने कुणाला सांगितलं नसतं. पण उर्दू वाचणारा गावात मी एकटाच होतो. भोयाच्या बाईला जो शब्द येतो तो मला आला नाही, हे माझ्या तोंडून निघेना. अडाणी ठरण्यापेक्षा दुष्ट ठरणं मला सोपं वाटलं.

"ठाऊक होता," मी म्हणालो.